‘राँग’ शब्दाचा घोळ: इंग्रजी पत्रात चूक आणि अन्याय एकमेकांत मिसळतात तेव्हा

इंग्रजी अर्ज, ईमेल आणि तक्रारी तपासून देणाऱ्या कुणालाही विचारा, हे दुखणं ठरलेलं आहे. वाक्यात ‘राँग’ हा शब्द नाम म्हणून आला की पुढे काहीतरी बिनसतंच. माझ्यासमोर फिरून फिरून येणारे काही नमुने असे:

‘प्लीज राइट द राँग इन माय डेट ऑफ बर्थ.’

‘माय मॅनेजर डिड राँग विथ मी.’

‘इनजस्टिस इज हॅपन्ड ऑन मी.’

‘यू हॅव डिडक्टेड चार्जेस टू टाइम्स. टू राँग डज नॉट मेक राइट, सो काइंडली रिफंड.’

व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर यातलं काही पकडतं, काही सोडून देतं. शेवटच्या वाक्यात ते ‘राँग’चं अनेकवचन करेल, ‘डज’च्या जागी ‘डू’ घालेल आणि हिरवी खूण दाखवून मोकळं होईल. पण ‘दोन अन्याय मिळून एक न्याय होत नाही’ अशा अर्थाची ती म्हण त्या जागी मुळात बसतच नाही, हे तसंच राहतं. म्हणून एकेक वाक्य सुधारून भागत नाही. पुढच्या पत्रात तीच गल्लत वेगळा वेष घालून परत येते.

मूळ कुठे आहे ते आधी बघू. विशेषण म्हणून ‘राँग’ हा शब्द मराठीतल्या ‘चुकीचा’सारखाच ऐसपैस आहे. राँग नंबर, राँग आन्सर, राँग साइड, आणि एखाद्याचं वागणंही राँग. आपण तो लहानपणापासून असाच ऐकलाय, त्यामुळे विशेषणात कुणी फारसं चुकत नाही. घोटाळा होतो तो त्याचं नाम झाल्यावर. ‘अ राँग’ किंवा ‘राँग्ज’ म्हटलं की हा शब्द एकदम आकसतो. मग त्यात टायपिंगची चूक बसत नाही, बेरजेतली चूक बसत नाही, चुकलेला पिनकोड बसत नाही. तिथे फक्त अन्याय उरतो: कुणीतरी करायला नको ते केलं आणि त्याचा फटका दुसऱ्याला बसला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे सवयीचं असतं, कारण टॉर्टची (म्हणजे ज्यासाठी दिवाणी कोर्टात भरपाई मागता येते अशा कृत्याची) व्याख्याच ‘सिव्हिल राँग’ अशी शिकवतात. बाकीच्यांना ते कुणी सांगत नाही.

तेव्हा पहिली चाचणी. ‘राँग’ हे नाम लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा. कुणी केलं? आणि कुणाचं वाईट झालं? दोन्हींची उत्तरं देता आली तर शब्द ठेवा. एकाचंही उत्तर अडलं तर ‘मिस्टेक’ किंवा ‘एरर’ लिहा. जन्मतारखेत ३चे ८ झाले, तर ते कुणी मुद्दाम केलेलं नाही आणि तुमच्यावर कुणी अन्यायही केलेला नाही. तिथे ‘प्लीज करेक्ट द एरर इन माय डेट ऑफ बर्थ’ एवढंच पुरतं. आपल्या दुकानांच्या बिलाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ छापलेलं असतं आणि इंग्रजी बिलावर त्याच जागी ‘ई. अँड ओ. ई.’ असतं. त्यातल्या पहिल्या ‘ई’चा अर्थ ‘एरर्स’. आकडेमोडीतल्या चुकीची मुभा व्यापारी मागून ठेवतो. गिऱ्हाइकाला फसवण्याची मुभा कुणी छापून मागत नाही. फरक लक्षात ठेवायला ते बिल पुरेसं आहे.

सातबाऱ्याचं प्रकरण

महाराष्ट्रातल्या लोकांना हा फरक ज्या एका कामात हमखास नडतो, ते काम म्हणजे जमिनीचं. गावातला अर्ज मराठीत जातो, तिथे अडचण नसते. पण भाऊ बंगळुरूला, बहीण कॅनडात, आणि वकिलाशी किंवा बँकेशी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत, असं झालं की ‘देअर इज अ राँग इन अवर सेव्हन-ट्वेल्व्ह’ हे वाक्य जन्माला येतं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये कलम १५५ आहे. अधिकार अभिलेखातले (म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या सरकारी नोंदींतले) हस्तदोष, म्हणजे लिहिताना झालेल्या चुका, आणि ज्या चुका संबंधित पक्षांना मान्य आहेत अशा चुका, या कलमाखाली दुरुस्त करता येतात. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याचं संगणकीकरण झालं तेव्हा ०.४० हेक्टरचं ०.०४ झालं, ‘पांडुरंग’चा ‘पाडुरंग’ झाला, आणि ‘१५५ची दुरुस्ती’ हा शब्दप्रयोग गावोगावी रुळला. इंग्रजीत कायद्याचा शब्द आहे ‘क्लेरिकल एरर’. तुमच्या पत्रातही तोच यायला हवा: ‘देअर इज अ क्लेरिकल एरर इन द रेकॉर्ड ऑफ राइट्स.’ तिथे ‘राँग’ लिहिलंत की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी फसवाफसवी केल्याचा आरोप आहे. मग तो विचारतो, कुणावर? आणि साधी दुरुस्ती वादाच्या खात्यात जाऊन पडते.

आता दुसरी बाजू. वडील गेले, वारस नोंद झाली, आणि दोन भावांची नावं लागली पण बहिणीचं राहिलं. ते विसरून राहिलं असेल तर चूक. पण तिला न सांगता, तिची सही न घेता, ‘तिला काय करायचंय जमिनीचं’ म्हणून नाव गाळलं असेल, तर तो ‘राँग’ आहे आणि ‘क्लेरिकल एरर’ म्हणणं हीच लबाडी होईल. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने दिला आणि देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. त्यामुळे अशा पत्रात ‘शी वॉज राँगफुली एक्सक्लूडेड’ असं ठणकावून लिहायला हवं. ‘राँगली’ की ‘राँगफुली’, हा प्रश्न बरेच जण विचारतात. ‘राँगली’ म्हणजे चुकीने किंवा अन्यायाने, दोन्ही चालतं. ‘राँगफुली’ला कायद्याचा वास आहे: अधिकार नसताना, बेकायदा. पोलिसांच्या कागदावर ‘राँगफुल रिस्ट्रेंट’ आणि ‘राँगफुल कन्फाइनमेंट’ दिसतं, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमं १२६ आणि १२७, ते याच अर्थाने. नोकरीवरून बेकायदा काढलं असेल तर ‘राँगफुल टर्मिनेशन’. पार्सल दुसऱ्याच पत्त्यावर गेलं असेल तर मात्र ‘राँगली डिलिव्हर्ड’. तिथे ‘राँगफुली’ लिहिलं तर बिचारा डिलिव्हरीवाला आरोपी होतो.

चुकीचा अन्याय होतो तेव्हा

मधली एक जागा खरोखर अवघड आहे. सुरुवात साध्या चुकीने होते, पण ती मान्य न करता माणसांवर ढकलली जाते, आणि मग तिचा अन्याय होतो. इथे दोन शब्द दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरावे लागतात. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ब्रिटनमधलं आहे.

ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली आणली. फुजित्सू कंपनीची ती प्रणाली हिशेबात नसलेली तूट दाखवायची. गावागावात पोस्टाची लहान शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर सांगत होते की पैसे गेलेले नाहीत, यंत्र चुकतंय. पोस्टाने यंत्रावर विश्वास ठेवला आणि माणसांवर खटले भरले. चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे आरोप. ९००हून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी न झालेली तूट स्वतःच्या खिशातून भरली. लंडनच्या हायकोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रणालीत दोष असल्याचा निकाल दिला, एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि शेवटी मे २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून उरलेल्या बहुतेक शिक्षा घाऊक रद्द केल्या.

आता या प्रकरणावर इंग्रजीत लिहायचं झालं तर? संगणकाने तूट दाखवली, ते ‘एरर’. त्यासाठी क्रियापद ‘फिक्स’ किंवा ‘करेक्ट’. पण तक्रारी कानाआड करून लोकांना कोर्टात उभं केलं, ते ‘राँग’. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकून ते ‘करेक्ट’ होत नाही. तिथेच ‘टू राइट अ राँग’ हा वाक्प्रचार त्याच्या खऱ्या जागी बसतो. शिक्षा रद्द करणं, भरपाई देणं, माफी मागणं हे सगळं त्या एका ‘राइट’ क्रियापदात येतं. मराठीत आपण ‘अन्यायाचं परिमार्जन’ म्हणतो तसं. ‘जखम मांडीला आणि मलम शेंडीला’ हा प्रकार टाळायचा असेल, तर आपल्या पत्रातलं कुठलं वाक्य एररबद्दल आहे आणि कुठलं राँगबद्दल, हे वेगळं करून लिहावं. बँकेच्या तक्रारीतही हेच. चुकून शुल्क कापलं, ही एरर. दाखवून दिल्यावरही सहा महिने परत केलं नाही आणि उलट तुमचंच खातं थकबाकीदार म्हणून कळवलं, तर आता राँग म्हणायला जागा आहे.

उलट्या दिशेची चलाखीही ओळखायला शिका. मोठ्या संस्था आणि मोठे लोक अन्यायाला ‘मिस्टेक’ म्हणून लहान करतात. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या तोंडची दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळवल्याचं प्रकरण अंगाशी आलं, तेव्हा जानेवारी १९८७ च्या भाषणात ते म्हणाले, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड.’ कुणी केल्या, ते नाही, झाल्या म्हणे. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९८८ ला, त्यांनी एका कायद्यावर सही केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं होतं आणि त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि देशाची माफी देणारा तो कायदा. त्या दिवशीचे शब्द होते, ‘टू राइट अ ग्रेव्ह राँग.’ माणूस तोच, दीड वर्षाचं अंतर. स्वतःच्या कारभाराबद्दल बोलताना ‘मिस्टेक्स’, आणि चार दशकांपूर्वीच्या सरकारबद्दल बोलताना ‘राँग’. शब्दाची निवड निरागस नसते, ती अशी. तुम्हाला आलेल्या उत्तरात ‘वी रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स’ आणि ‘एरर’ हेच दोन शब्द पुन्हापुन्हा दिसत असतील तर समोरच्याने जबाबदारी घ्यायचं टाळलेलं आहे, एवढं समजून पुढचं पत्र लिहा. आणि तुम्हीच संस्थेच्या बाजूने उत्तर लिहीत असाल, तर ‘वी विल राइट धिस राँग’ हे भावनेच्या भरात लिहून पाठवू नका. ती कबुली आहे. आधी वरिष्ठांना नाहीतर वकिलाला दाखवा.

राइट कोणता?

देवनागरीत सगळे ‘राइट’ सारखेच दिसतात आणि कानालाही सारखेच येतात, म्हणून बोलून टाइप करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. फोनला ‘राइट द राँग’ सांगितलं की तो कित्येकदा डब्ल्यूने सुरू होणारा, लिहिण्याचा ‘राइट’ टाकतो. शब्दकोशातला शब्द बरोबर, त्यामुळे लाल रेघ येत नाही. हवा असतो तो आर-आय-जी-एच-टी.

इथे तो क्रियापद आहे, हे अनेकांच्या पचनी पडत नाही. ‘राइट’ म्हणजे बरोबर, ते विशेषण. ‘राइट’ म्हणजे हक्क, ते नाम. मग करायचं काय त्याने? याचा मूळ अर्थ सरळ उभं करणं. समुद्रात होडी उलटली आणि खलाशांनी ती पुन्हा सरळ केली, तर इंग्रजीत ‘दे राइटेड द बोट’. उलटली तरी आपोआप सरळ होणाऱ्या जीवरक्षक नौकांना ‘सेल्फ-राइटिंग’ म्हणतात, त्याच स्पेलिंगने. शब्दांचा इतिहासही तेच सांगतो: ‘राइट’ सरळपासून आला आणि ‘राँग’ जुन्या नॉर्स भाषेतल्या वाकड्यापासून. वाकडं सरळ करणे, इतकाच तो वाक्प्रचार. त्यामुळे या क्रियापदाला कर्म म्हणून उलटलेली वस्तू, बिघडलेला तोल किंवा अन्याय एवढंच चालतं. ‘राइट माय नेम’, ‘राइट द मिस्टेक’, ‘राइट द बिल’ यातलं काहीच चालत नाही. चुकीसाठी ‘करेक्ट’, ‘रेक्टिफाय’, ‘फिक्स’. आयकर कायदा १९६१ च्या कलम १५४ मध्ये नोंदीवरून उघड दिसणाऱ्या ‘मिस्टेक’साठी ‘रेक्टिफिकेशन’ होतं, तेही याच नियमाने. अन्यायासाठी ‘राइट’, ‘रिड्रेस’, ‘अनडू’. ‘रेक्टिफाय’ दोन्हीकडे खपतं, त्यामुळे शंका असेल तेव्हा ते वापरा आणि पुढे चला.

साध्या ग्राहकतक्रारीत मी स्वतः ‘राइट अ राँग’ सुचवतच नाही. शंभर रुपयांच्या परताव्यासाठी हा वाक्प्रचार म्हणजे उंदीर मारायला तोफ. ‘प्लीज पुट धिस राइट’ हे साधं, सभ्य आणि काम करणारं इंग्रजी आहे. मोठा वाक्प्रचार मोठ्या गोष्टीसाठी राखून ठेवावा. १८७१ मध्ये सुरू झालेल्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने पारधी आणि इतर कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला तरी शिक्का पुसला गेला नाही. त्याबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘हिस्टॉरिक राँग’ शोभतं, आणि ‘राइटिंग दॅट राँग’ म्हणजे नेमकं काय काय, हा लेखाचा विषय होऊ शकतो.

‘माझ्यावर अन्याय झाला’

हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘वर’चं ‘ऑन’ होतं आणि ‘झाला’चं ‘हॅपन्ड’. इंग्रजीत अन्याय ‘हॅपन’ होत नाही, तो ‘डन’ होतो, आणि ‘ऑन’ नव्हे, ‘टू’ लागतं: ‘अ ग्रेट इनजस्टिस वॉज डन टू मी.’ सगळ्यात सुटसुटीत म्हणजे ‘आय हॅव बीन राँग्ड’, इथे ‘राँग’च क्रियापद झालाय. ‘ऑन’चा फारच आग्रह असेल तर क्रियापद ‘इनफ्लिक्टेड’ घ्या, पण ते भारी पडतं.

‘डिड राँग विथ मी’मधला ‘विथ’ आपल्या ‘माझ्याशी’तून आलाय. ‘ही डिड मी राँग’ असं बोलतात, पण ते गाण्यात आणि गप्पांत; एचआरला लिहिताना ‘आय वॉज ट्रीटेड अनफेअरली’ लिहा आणि लगेच पुढच्या ओळीत काय घडलं ते तारखेसकट सांगा. नुसता अन्याय अन्याय म्हणून फोडलेला टाहो कुठल्याही भाषेत फायलीत जातो.

जाता जाता ‘इन द राँग’. ‘यू आर राँग’ म्हणजे तुमचं म्हणणं किंवा माहिती चुकीची. ‘यू आर इन द राँग’ म्हणजे दोष तुमचा. मधला ‘द’ गाळून ‘आय ॲम नॉट इन राँग’ लिहिलेलं फार दिसतं. तो ‘द’ हवाच. अपघाताच्या विम्याच्या अर्जात हा फरक पैशांत मोजला जाऊ शकतो.

आता ती म्हण

‘टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट.’ तिन्ही तुकडे तपासा: ‘राँग्ज’ अनेकवचनी, ‘डोन्ट’ किंवा ‘डू नॉट’, आणि ‘राइट’च्या आधी ‘अ’. इथला ‘मेक’ बनवण्याचा नाही, बेरजेचा आहे, ‘टू अँड टू मेक फोर’मधला. दोन अन्याय मिळून एक न्याय होत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉक्टर बेंजामिन रश यांच्या १७८३ च्या एका पत्रात हीच म्हण तीन राँग्ज घेऊन येते, म्हणजे आकडा पूर्वी इतका पक्का नव्हता. आज मात्र ‘टू’च लिहा.

रूप जमलं तरी जागा चुकते, आणि ती चूक जास्त महागाची. ही म्हण दोन चुका झाल्या की वापरायची नसते. पहिला अन्याय दुसऱ्याचं समर्थन म्हणून पुढे केला जातोय, अशाच ठिकाणी ती लागू पडते. आपल्याकडे आई जे ऐकवते, ‘त्याने शेण खाल्लं म्हणून तूही खाणार का?’, त्यातला तर्क नेमका हाच. (ते वाक्य इंग्रजी ईमेलमध्ये शब्दशः उतरवण्याचा मोह आवरा.) बँकेने दोनदा शुल्क कापलं, तर पहिली कपात दुसरीचं समर्थन म्हणून कुणी पुढे करत नाहीये. ‘द चार्ज वॉज डिडक्टेड ट्वाइस बाय मिस्टेक’ लिहा आणि पैसे परत मागा. हिशेबात दोन चुका एकमेकींना खाऊन तेरीजपत्रक (ट्रायल बॅलन्स) जुळलं, तर त्या ‘कॉम्पेन्सेटिंग एरर्स’. कॉमर्सच्या मुलांना उणे गुणिले उणे बरोबर अधिक आठवतं आणि ते ही म्हण उलटी करून विनोद करतात, पण त्या चुकांचा न्याय-अन्यायाशी संबंध नाही.

सोसायटीतलं उदाहरण घ्या. शेजाऱ्याने तुमच्या जागेवर गाडी लावली आणि तुम्ही रात्री जाऊन तिच्या टायरमधली हवा सोडली. सेक्रेटरी तुम्हाला ही म्हण ऐकवू शकतात आणि तुम्हाला ऐकून घ्यावी लागेल. पण तुम्ही रीतसर तक्रार केली, नियमाप्रमाणे दंड मागितला, आणि तेव्हा कुणी शहाजोगपणे म्हणालं, ‘जाऊ दे, टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट,’ तर तो म्हणीचा गैरवापर आहे. कायद्याने होणारी शिक्षा हा दुसरा अन्याय नव्हे. ज्याला लागलंय त्यालाच गप्प करायला ही म्हण फार सोयीची पडते, म्हणून ती वापरताना समोर कोण आहे ते बघावं. वरिष्ठांना तर लिहूच नये, उपदेश वाटतो. ‘आय डोन्ट थिंक दॅट जस्टिफाइज व्हॉट वी आर अबाउट टू डू’ यात तीच गोष्ट आहे आणि कुणाचा अहं दुखावत नाही.

भारतीय न्यायालयांत हा तर्क रोजचा आहे. ‘शेजाऱ्याने दोन मजले विनापरवाना चढवले, त्याला कुणी हात लावला नाही, मग माझाच का पाडता?’ महापालिकेची नोटीस आलेला माणूस संविधानाच्या कलम १४ची समानता पुढे करतो. सर्वोच्च न्यायालयाने चंदीगड प्रशासन विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात १९९५ मध्ये ठामपणे सांगितलं की प्रशासनाने एकाला बेकायदा सवलत दिली म्हणून दुसऱ्याला तशीच सवलत मागता येत नाही. समानता कायदेशीर गोष्टींत असते, बेकायदेशीरपणात नाही. वकील याला नकारात्मक समानता म्हणतात. इथे आपली म्हण चपखल बसते. पण बारकावा बघा: ‘मलाही तेच द्या’ या मागणीला ती उत्तर आहे. ‘मग त्याच्यावर कारवाई का नाही?’ या प्रश्नाला नाही. तो प्रश्न तसाच उभा राहतो, आणि अधिकारी म्हण फेकून त्यातून सुटायला बघत असेल तर त्याला तसं लिहून विचारावं.

शब्दांचा खेळ करून म्हण सजवायचीही हौस असते. ऑस्ट्रेलियाचे इमिग्रेशन मंत्री आर्थर कॉलवेल यांनी १९४७ मध्ये वाँग आडनावाच्या चिनी माणसाच्या हकालपट्टीवर संसदेत उत्तर देताना ‘टू वाँग्ज डू नॉट मेक अ व्हाइट’ असा श्लेष केला. व्हाइट हे समोरच्या विरोधी सदस्याचं आडनाव होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. पण गोऱ्यांच्याच ऑस्ट्रेलियाचं धोरण राबवणाऱ्या मंत्र्याच्या तोंडी ते कुणाला पटणार? वाक्य त्यांना जन्माचं चिकटलं. तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर कुणाच्या आडनावाशी यमक जुळवून ही म्हण टाकू नका.

पत्र पाठवण्याआधी एक शेवटची फेरी मारा. फाइंडमध्ये ‘राँग’ टाका आणि प्रत्येक ठिकाणी थांबा. विशेषण असेल तर पुढे जा. नाम असेल तर वरचे दोन प्रश्न विचारा. मग लिहिण्याचा ‘राइट’ शोधा. तो ‘राँग’च्या शेजारी सापडला तर बहुतेक वेळा बदलायचाच असतो. ‘ऑन मी’ आणि ‘विथ मी’ दिसले तर त्यांच्या आधीचं क्रियापद पाहा. आणि म्हण सापडली तर ती काढून पत्र पुन्हा वाचा. मुद्दा जागचा हलला नाही, तर ती काढलेलीच राहू द्या.